माकडतापाचे संशोधन आणि सरकारी पैसा

मार्च १९५७ मध्ये त्या वेळच्या म्हैसूर राज्यातील शिमोगा जिल्ह्यात, क्यासनूरच्या जंगलात, वानरे मरून पडू लागली व आसपासच्या खेड्यांतील माणसे तापाने अंथरुणास खिळली. प्रारंभी शंका आली ती पीतज्वराची. पुण्याचे विषाणू संशोधन केंद्र तेव्हा अवघे पाच वर्षांचे होते. रॉकफेलर प्रतिष्ठान व भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद ह्यांनी ते १९५२ मध्ये स्थापिले होते. त्याच्या संशोधकांनी अल्पावधीत नवा विषाणू वेगळा काढला, रशियातील गोचिडीजन्य मस्तिष्कज्वराशी त्याचे नाते दाखविले आणि जंगलातील गोचीड हीच त्याची वाहक होय, हे सिद्ध केले. वर्क, ट्रॅपिडो व बोशेल ह्यांच्या त्या काळच्या लेखनाचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. प्रयोगशाळेतील कित्येक कर्मचाऱ्यांना हाच ताप आला, ही गोष्टही विसरता येत नाही.

आमचा आक्षेप त्यापुढील काळाविषयी आहे. नवा विषाणू शोधण्यास पैसा मिळतो, कारण त्यात कीर्ती आहे. त्याला आवर घालण्याचे काम मात्र कंटाळवाणे व वर्षानुवर्षांचे. त्यास पैसा मिळतो तो साथ आल्यावर, आणि साथीबरोबरच तो ओसरतो.

लसीचा इतिहास पाहावा. आरंभी रशियन मस्तिष्कज्वराची लस वापरून पाहिली गेली. ती उपयोगी पडली नाही. पुढे कोंबडीच्या गर्भपेशींवर वाढविलेल्या व फॉर्मेलिनने निष्क्रिय केलेल्या विषाणूची देशी लस तयार झाली व कर्नाटकात ती दीर्घकाळ टोचली गेली. २००५ ते २०१० ह्या काळातील अनुभवाचा जो अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात दोन मात्रांचा गुण सुमारे ६२ टक्के व पुढील वर्धक मात्रेसह ८३ टक्के आढळला. मात्रा दोन, नंतर वर्धक, नंतर पुन्हा दरवर्षी; रानात मजुरीला जाणाऱ्या माणसाने इतक्या वेळा दंड पुढे करावा, ही अपेक्षाच धाडसाची होती. ही उणीव भरून काढणारी दुसरी लस तयार करण्यास मध्ये दशके होती. अखेर लसीची परिणामकारकता टिकत नाही असे दिसून आल्यावर २०२२ मध्ये कर्नाटकाने तिचा वापर थांबविला. नव्या लसीची खटपट सुरू झाली ती जुनी हातची गेल्यानंतर.

ह्यावर एक उत्तर नेहमी दिले जाते, आणि ते अगदीच पोकळ नाही. वर्षाकाठी सरासरी चारशे-पाचशे रुग्णांचा हा रोग. क्षय व हिवताप लाखोंना ग्रासीत असता त्यावर किती खर्चावे? परंतु ह्याच हिशेबाने खाजगी कारखानदारही विचार करतो, आणि म्हणूनच सरकारने तसा करू नये. ऑस्ट्रियात ह्याच कुळातील मस्तिष्कज्वरावर १९८१ पासून व्यापक लसीकरण झाले व रुग्णसंख्या झपाट्याने खाली आली. तेथे लस विकत घेणारा सुखवस्तू वर्ग होता. आपल्याकडे गोचीड चावते ती सरपण व पालापाचोळा गोळा करणाऱ्यास, गुरे राखणाऱ्यास. मार्क निख्टर ह्यांनी १९८७ मधील आपल्या लेखात ह्या आजाराला ‘विकासाचा रोग’ म्हटले, ते दक्षिण कानडातील साथ डोळ्यांपुढे ठेवून. जंगलतोडीकडे बोट दाखविणारा तो शब्द समर्पक आहे. पण विकासाच्या अंदाजपत्रकात ह्या रोगाचा खर्च कोणत्या सदराखाली मांडावा, ते अद्याप ठरलेले नाही.

रोग मात्र थांबून राहिला नाही. २०१५ मध्ये गोव्याच्या सत्तरी तालुक्यात आणि २०१६ मध्ये सिंधुदुर्गातील दोडामार्ग तालुक्यात तो आढळला. काजूच्या बागांत राबणारे त्यात सापडले. तेथे ‘माकडताप’ हे नाव आता घरोघरी माहीत आहे. ह्या तापावर रामबाण औषध नाही. रुग्णाची शुश्रूषा व लक्षणांवरील उपचार एवढेच हाती उरते, आणि शंभरांत तीन ते पाच दगावतात. उपचारावरील संशोधनाकडे तर लसीइतकेही लक्ष गेलेले नाही.

आणखी एक बाब, जी हिशेबनिसांना क्षुल्लक वाटेल. माणसांना चावणारी गोचिडीची पिले नोव्हेंबर ते मे ह्या महिन्यांत सक्रिय असतात. पूर्ण वाढलेली गोचीड पावसाळ्यात गुरांच्या अंगावर सापडते. सरकारी वर्ष सुरू होते १ एप्रिलला. जानेवारीच्या साथीने जागे होऊन मंजूर झालेला पैसा नव्या वर्षी हाती पडतो तेव्हा हंगाम संपत आलेला असतो, आणि पुढल्या साथीचे बीज जून ते सप्टेंबर गोठ्यात शांतपणे वाढत असता ते मोजण्यास माणूस नेमलेला नसतो. दोडामार्ग व सत्तरी ह्या दोन तालुक्यांपुरता, साथ असो वा नसो, किमान दहा वर्षे चालेल असा गोचिडींच्या गणनेचा व मृत वानरांच्या नोंदीचा विभाग काढावा आणि त्याचे वेतन साथ-निवारणाच्या तात्पुरत्या सदरातून नव्हे, तर कायम सदरातून द्यावे. प्रयोगशाळेच्या एका नव्या इमारतीपेक्षा त्यास कितीतरी कमी पैसा लागेल.