पाठक आडनावाची यादी आणि तिचा भरवसा

कुठलंही आडनाव शोधलं की 'या आडनावाच्या प्रसिद्ध व्यक्ती' अशी यादी समोर येते. 'पाठक' घ्या. शिरूर तालुक्यातल्या केंदूरचे संत कान्हुराज पाठक, संस्कृतचे संशोधक के. बी. पाठक, कीर्तनपरंपरेचे अभ्यासक यशवंत पाठक, 'सुलभ'चे बिंदेश्वर पाठक. यादी खोटी नाही हो. पण नावं एकाखाली एक लिहिली की ती सगळी एकाच घरातली वाटायला लागतात, आणि प्रबंधात घोटाळा होतो तो इथेच.

बिंदेश्वर पाठक बिहारचे. केंदूरशी त्यांचा संबंध एका संस्कृत शब्दापुरता. पाठक म्हणजे पाठ म्हणणारा, शिकवणारा. असा माणूस गावोगाव लागायचा, म्हणून आडनावही गावोगाव. इंग्रजीतलं 'क्लार्क' असंच, मुळात चर्चमधला लिहिता-वाचता येणारा माणूस. दोन क्लार्क दिसले म्हणून त्यांना कुणी भाऊबंद ठरवत नाही. आपण मात्र पाठक, कुलकर्णी, देशमुख दिसले की लगेच वंशावळ जोडायला घेतो!

यादीत के. बी. पाठकांना एक ओळ मिळते, तीही 'संस्कृत पंडित' एवढीच. खरं तर आपल्या कामाचा माणूस तोच. 'मेघदूता'च्या हस्तलिखितांत श्लोकांची संख्या कमीजास्त आहे. मग खरे कोणते, मागून घुसडलेले कोणते? पाठकांनी जिनसेनाचं 'पार्श्वाभ्युदय' पुढे घेतलं. या जैन कवीने समस्यापूर्ती करत 'मेघदूता'च्या ओळी आपल्या काव्यात गुंफल्या होत्या. त्या बाजूला काढल्या की जिनसेनापुढचं अख्खं 'मेघदूत' हाती येतं, १२० श्लोकांचं. त्यावरून पाठकांनी १८९४ मध्ये पुण्यात आवृत्ती काढली. अर्थात यातून जिनसेनाच्या वेळचा पाठ कळतो, कालिदासाने स्वतः काय लिहिलं ते नाही. ही मर्यादा विसरू नका, मुलाखतीत नेमकं तेच विचारतात.

आता हाच डोळा केंदूरकडे वळवा. अभंगाच्या शेवटी 'पाठक' आलं तर ते कुळाचं नाव, कामाचं नाव, की कवीची नाममुद्रा? आणि ते कवीने घातलं की नकलून घेणाऱ्याने? यासाठी छापील गाथा पुरणार नाही. जुनी पोथी, तिचा लेखनकाळ, तोच अभंग दुसऱ्या वहीत कुणाच्या नावावर आहे, हे एकेक तपासावं लागेल. तोवर प्रबंधात 'केंदूरचे पाठक घराणे' असं शीर्षक देऊ नका, 'कान्हुराज पाठक यांच्या नावावरील अभंग' एवढंच लिहा.