केसरबाईंचा मान

कात्रजच्या तलावाजवळ राहणाऱ्या आमच्या एका स्नेह्यांकडे गेल्या पावसाळ्यांत कांहीं मंडळी गाणें ऐकण्यास जमली होती. सुरश्री केसरबाई केरकर यांची भैरवी लागली. मुद्रिका साडेतीन मिनिटांची. ती संपतांच चर्चा सुरू झाली ती तासभर चालली, आणि त्या तासांत भैरवीविषयीं कोणीं अवाक्षर काढलें नाहीं. बाई बिदागी किती घेत, न आवडलेल्या श्रोत्यास कशा झिडकारीत, हेंच सारें!

केसरबाई १८९२ सालीं गोव्यांतील केरी गांवीं जन्मल्या. १९२१ पासून त्या अल्लादियाखांसाहेबांजवळ शिकल्या, त्या खांसाहेब १९४६ सालीं वारले तोंपर्यंत. 'सुरश्री' ही पदवी कलकत्त्याच्या रसिकांनीं १९४८ त दिली. कांहीं मुद्रिका दिल्यावर बाईंनीं ध्वनिमुद्रण व नभोवाणी यांस पुढें दूरच ठेविलें. लोक यास अहंकार म्हणतात. आम्हांस तसें वाटत नाहीं. त्यांच्या गायकीचें मर्म दमसासांत होतें. एकेक आवर्तन भरीत, लयीची वीण न सोडतां राग उभा करणें, हें काम तीन मिनिटांत मावणारें नव्हे. अपुरा माल आपल्या नांवावर खपूं नये, ही कसबी माणसाची काळजी होय.

बालगंधर्वांचें याच्या अगदीं उलट. रसिकांनीं त्यांच्या स्त्रीरूपावर प्रेम केलें. १९३५ सालीं प्रभातच्या 'धर्मात्मा' बोलपटांत ते एकनाथ झाले, तेव्हां लोकांस आपले गंधर्व त्यांत सांपडेनात. पुढें वय उलटल्यावरही ते शालू नेसून रंगभूमीवर उभे राहिले. त्यांची मूर्ति लोकांच्या हातीं होती. केसरबाईंनीं आपली स्वतःच्या हातीं ठेविली.

पण येथेंच आमची बाईंविषयींची तक्रार सुरू होते. मुद्रिका थोड्या, आणि विद्या दिली ती मुख्यतः एकट्या धोंडूताई कुलकर्णी यांस. ज्यांनीं बैठकी ऐकल्या ते गेले. मग ऐकावयास गाणें उरलें नाहीं तेथें आख्यायिका शिरल्या. ज्या कीर्तीला बाई इतक्या जपल्या, ती आज त्यांच्या ताठ्याच्या गोष्टींवर जगत आहे. आणि याचा दोष निम्मा त्यांचा, निम्मा आम्हां श्रोत्यांचा.

१९७७ सालीं अमेरिकेनें व्हॉयेजर यानांबरोबर सोन्याचा मुलामा दिलेली जी तबकडी अवकाशांत धाडली, तींत हीच भैरवी आहे. दुसरें यान ५ सप्टेंबरास सुटलें. बाई १६ सप्टेंबरास वारल्या. ज्या साडेतीन मिनिटांवर त्यांचा भरंवसा नव्हता, तींच सर्वांत दूर गेलीं.

स्नेह्यांनीं मुद्रिका पुन्हां लाविली. आवाज पहिल्या स्वरापासून मोकळा, शब्दांत लाडिकपणा नाहीं. ठुमरीच्या वळणाची चीज, पण ख्यालाचा भारदस्तपणा कोठें सुटत नाहीं. या खेपेस बिदागीची गोष्ट कोणीं काढली नाहीं.