'स्वतः', 'टिळक' आणि 'भाई'

मराठीत प्रेमाच्या कविता आणि कादंबऱ्या उदंड आहेत, पण त्यांतल्या बहुतेक लग्नाच्या मांडवापाशी नाहीतर विरहाच्या उंबरठ्याशी थांबतात. पुढची तीस-चाळीस वर्षे, म्हणजे ज्याला आपण संसार म्हणतो तो सलग पाहायचा असेल, तर आत्मचरित्रांकडेच वळावे लागते, आणि तीही बायकांनी लिहिलेल्या. पुरुषांच्या आत्मचरित्रात पत्नी बहुधा एखाद्या प्रकरणापुरती येते; कृतज्ञतेचे चार शब्द लिहून झाले की लेखक पुन्हा आपल्या कार्याला लागतो.

रमाबाई रानडे यांचे 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी' (१९१०), लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' (१९३४ पासून चार भागांत) आणि सुनीता देशपांडे यांचे 'आहे मनोहर तरी' (१९९०) ही तीन पुस्तके निघाली की चर्चेत एक प्रश्न हमखास येतो : मग बाई सुखी होत्या की नव्हत्या? या प्रश्नाने वाचक पंच होतो आणि पुस्तक बाजूला पडते. मी त्याऐवजी एका लहानशा गोष्टीकडे लक्ष वेधणार आहे. या तिघी लिहिताना नवऱ्याचा उल्लेख काय म्हणून करतात?

आपल्या भागातील वाचकांना या प्रश्नाचे मोल सांगायला नको. इथल्या आज्या मराठीत 'आमचे हे' म्हणत, शेजारच्या कानडी आजी 'नम्म मनेयवरु', म्हणजे 'आमच्या घरचे' म्हणत, आणि 'यजमान' हा शब्द तर दोन्ही घरांत चाले. मराठी बाई उखाण्यात नाव गुंफते, कानडी बाई 'ओडपु' सांगते. एरवी नाव ओठांवर येत नाही. बोलताना हे निभते. तीनशे पानांचे पुस्तक लिहायला बसलेल्या बाईला मात्र एकच एक शब्द निवडावा लागतो, आणि त्या निवडीत सारा संसार किती अंतरावरून दिसला हे उमटते.

रमाबाईंचे लग्न १८७३ साली झाले. त्या अकरा वर्षांच्या, न्यायमूर्ती एकतीस वर्षांचे आणि बिजवर. विधवेशी विवाह करण्याचे मनात असून वडिलांपुढे नमलेले. पहिल्याच भेटीत त्यांनी या मुलीला विचारले, की माझ्याशी तुझे लग्न झाले, पण मी कोण आणि माझे नाव काय हे तुला ठाऊक आहे का? मुलीने नाव सांगितले. पाटी-पेन्सिलही लगेच आली. त्याच मुलीने सदतीस वर्षांनी आठवणी लिहिल्या तेव्हा नवऱ्यासाठी शब्द योजला 'स्वतः'. स्वतः कचेरीतून आले, स्वतःला बरे नव्हते, अशा थाटाचा हा उल्लेख आहे. १९३८ साली पुस्तक इंग्रजीत गेले तेव्हा त्याचे नावच 'हिमसेल्फ' असे ठेवले गेले, इतका हा शब्द परक्या कानालाही ठळक वाटला असावा.

'स्वतः' हा खरे तर बोलणाऱ्याचा आपला शब्द. तो नवऱ्याला देऊन टाकल्यावर बाईंच्या वाट्याला काय उरले, असा खोचक प्रश्न अलीकडचे टीकाकार विचारतात. तो अगदीच गैर नाही. १९०१ साली रानडे गेले आणि पुस्तकही तिथेच संपते. पुढे पुणे सेवासदनाचा डोलारा सांभाळणाऱ्या कर्त्या रमाबाई त्यात नाहीत. परंतु शिकण्यावरून घरातल्या बायकांनी केलेला छळ त्यांनी ज्या बारकाईने नोंदला आहे, तो वाचताना ही बाई स्वतःला विसरली होती असे म्हणवत नाही. हिशेब पूर्ण आहे, फक्त एका माणसाच्या नावे एकही बाकी दाखवलेली नाही. इतक्या वर्षांच्या सहवासात असे होते. काही खाती आपण जाणूनबुजून कोरी ठेवतो.

लक्ष्मीबाई सरळ 'टिळक' म्हणतात. जगाने ज्या नावाने हाक मारली तेच नाव, आणि ते त्यांचेही आडनाव आहे हे विसरू नये. मला या तिन्हींत हा शब्द सर्वांत मोकळा वाटतो. या नावामुळे लेखिका नवऱ्यापासून दोन पावले मागे उभी राहते आणि तिथून तिला माणूस पुरता दिसतो : न सांगता घरातून निघून जाणारा, हातात पैसा न टिकवणारा, लहरी, प्रेमळ, रागीट. भांडणे पानोपानी आहेत. पण प्रत्येक भांडणात टिळकांना त्यांची वाक्ये मिळतात, आणि कधी कधी ते जिंकतातही. नवऱ्याला आपल्या पुस्तकात वादात जिंकू देणे ही साधी गोष्ट नव्हे.

जॉन गॉटमन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने अनेक वर्षे जोडप्यांची बोलणी नोंदवून एक निष्कर्ष काढला : पतिपत्नींतले सुमारे ६९ टक्के वाद कधीच सुटत नाहीत. सुखी जोडप्यांचेही सुटत नाहीत. त्या वादाशी ती कशी बोलतात यावर पुढचे अवलंबून असते. आमच्याकडच्या कुठल्याही सासूने हे फुकट सांगितले असते, हा भाग निराळा. पण 'स्मृतिचित्रे' या दृष्टीने वाचून पाहावीत. पैशांचे भांडण पहिल्या भागात आहे तसेच पुढेही आहे. बदलतो तो बाईंचा सूर. धास्तीच्या जागी हळूहळू चेष्टा येते.

१० फेब्रुवारी १८९५ रोजी टिळक ख्रिस्ती झाले तेव्हा मात्र ही चेष्टा मागे सरते. पदरी लहानगा दत्तू, नातलगांचा वेढा, आणि जवळजवळ पाच वर्षांचा वियोग. त्या काळात दोघांत पत्रे चालू होती, कवितेतूनसुद्धा. पुढे त्या टिळकांकडे गेल्या तरी लगेच धर्म बदलला नाही. १९०० साली बाप्तिस्मा घेतला तो आपला आपण विचार करून. नवऱ्यामागोमाग गेलेली पतिव्रता असे त्यांचे चित्र रंगवणाऱ्यांनी या मधल्या काळाकडे डोळेझाक केली आहे. टिळकांचे अपुरे राहिलेले 'ख्रिस्तायन' त्यांनी नंतर पूर्ण केले, ते मला त्याच वादाचे पुढचे पान वाटते. टिळक गेल्यानंतरचा 'स्मृतिचित्रां'चा भाग मात्र सैल आहे. समोर बोलणाराच उरला नाही, म्हणून असेल.

सुनीताबाईंची गोष्ट आणखी अवघड. रमाबाई आणि लक्ष्मीबाई यांनी लिहिले ते वैधव्यात. सुनीताबाईंनी लिहिले तेव्हा पु. ल. हयात होते आणि १२ जून १९४६ च्या नोंदणी विवाहाला चव्वेचाळीस वर्षे झाली होती. लग्नसंस्थेवर विश्वास नसलेल्या बाईंचा हा संसार. नवऱ्याला त्या 'भाई' म्हणतात. हे नाव सगळ्या मित्रमंडळींचे. आमच्या बेळगावातही राणी पार्वतीदेवी कॉलेजात पु. ल. काही काळ शिकवत होते, आणि त्या ओळखीवर त्यांना 'आपले' म्हणणारे कितीतरी लोक इथे होते. बाईंपाशी नवऱ्यासाठी खास असा शब्द उरलाच नाही. त्यांचे दुःख या शब्दात जेवढे आहे तेवढे तक्रारींच्या परिच्छेदांत नाही. त्यांची उलटतपासणी निर्भय आहे, स्वतःलाही सोडत नाही. तरी एक उणीव जाणवते. भाई फारसे बोलत नाहीत. ते कसे आहेत हे आपल्याला बाई सांगतात. लक्ष्मीबाईंचे टिळक बोलतात आणि आपण ठरवतो. सुनीताबाईंनी शीर्षक 'तरी'पाशी तोडले आहे, तिथला संयम आतल्या मजकुरात सर्वत्र नाही.

पुरुषाच्या बाजूने तोलायला आपल्याजवळ धारवाडचे बेंद्रे आहेत. घरात मराठी बोलणाऱ्या या कन्नड कवीने 'सखीगीत' हे दीर्घकाव्य आपल्या संसारावर, दोघांनी भोगलेल्या सुखदुःखांवर रचले, आणि पत्नीला उद्देशून रचले. त्यांनी तिला समोर बसवून 'सखी' म्हटले. वर सांगितलेल्या तिघी नवऱ्याविषयी आपल्याला सांगतात. समोरासमोर बोलण्याचा हक्क कवीला सहज मिळाला. त्या हक्काच्या अभावी बायकांना जे दूर उभे राहावे लागले, त्यातून मराठीला तिचे उत्तम गद्य मिळाले. याचा आनंद मानावा की खेद, हे मला ठरवता येत नाही.

आता आमच्या नातसुना नवऱ्याला दोन्ही भाषांत एकेरी हाक मारतात. त्यांनी लिहायला घेतले तर शब्दाची अडचण पडणार नाही. त्यांच्या हाती 'स्मृतिचित्रे' द्यायची झाल्यास पूर्ण द्यावीत. संक्षिप्त आवृत्तीही आहे, पण तेच भांडण चौथ्यांदा वाचल्याशिवाय चौथ्या वेळी बाई हसल्या कशा, ते कळत नाही.