बहुवारिकाचा लेप आणि कणांचे विखुरण : एका अर्धसत्याची चिकित्सा

प्रास्ताविक
सूक्ष्म कणांवर पॉलिमरचा, म्हणजेच बहुवारिकाचा, लेप दिला की ते विद्रावकात एकसारखे विखुरतात, असे विधान महाविद्यालयीन प्रकल्पांत वारंवार आढळते. ते चुकीचे नसले तरी अपुरे आहे. प्रस्तुत लेखात त्याची चिकित्सा केली आहे.

विवेचन
कणांना परस्परांपासून दूर ठेवण्याचे दोन प्रमुख मार्ग आहेत : विद्युत्‌भार आणि बहुवारिकाचा थर. पहिल्याची सैद्धांतिक मांडणी देर्यागिन व लांडाऊ (१९४१) आणि फेरवे व ओव्हरबेक (१९४८) यांनी केली. त्याची मर्यादा वेळणेश्वरच्या दक्षिणेस, जयगडच्या खाडीत दिसते. शास्त्री नदीतून तरंगत आलेले मातीचे सूक्ष्म कण खाऱ्या पाण्यात शिरताच क्षारांमुळे त्यांच्यातील प्रतिकर्षण क्षीण होते; कण जुळतात व गाळ बसतो. अशा ठिकाणी बहुवारिकाचा थर उपयुक्त ठरतो.

मात्र लेप म्हणजे यशाची हमी नव्हे. पोथ्यांच्या काळ्या शाईत काजळीच्या कणांवर डिंकाचा थर बसतो आणि ते पाण्यात तरंगत राहतात. याउलट, निवळीची बी घड्यात उगाळली असता गढूळ पाणी निवळते. दोन्हीकडे बहुवारिक कणांवरच बसते. परिणाम मात्र विरुद्ध होतो. पृष्ठभाग पुरता झाकला गेल्यास कण दूर राहतात. अर्धवट झाकला गेल्यास एकच लांब रेणू दोन कणांना बांधतो. म्हणून मात्रा ही पहिली अट होय.

दुसरी अट विद्रावकाची. डिंक पाण्यात विरघळतो, अल्कोहोलमध्ये नाही. शाईत पुरेसे अल्कोहोल मिसळल्यास थर आक्रसतो व काजळीच्या गुठळ्या होतात. पॉलिस्टायरीनच्या साखळ्या जोडलेले कण टोल्यूइनमध्ये विखुरतात, पाण्यात नाहीत. तिसरी अट पकडीची. केवळ अधिशोषणाने बसलेला थर विद्रावक बदलताच सुटू शकतो. रासायनिक बंधाने जोडलेला थर अधिक टिकतो.

निष्कर्ष
ध्वनितरंगांनी कण विखुरताच घेतलेले छायाचित्र टिकाऊपणाचा पुरावा ठरत नाही. लेप नसलेल्या कणांशी तुलना, बहुवारिकाच्या निरनिराळ्या मात्रा, किमान दोन विद्रावक आणि काही आठवड्यांनंतर पुन्हा मोजलेला कणाचा आकार, इतकी माहिती प्रकल्प-अहवालात असणे अगत्याचे आहे. कमी मात्रेत कण गोळा झाले, तर ते अपयश समजून वगळले जाते. वस्तुतः लेपाची सीमा दाखवणारे तेच निरीक्षण असते. ते नोंदवून घेण्याची जबाबदारी विद्यार्थ्याइतकीच मार्गदर्शकाची व परीक्षकाचीही आहे.