झोन मोठा, म्हणजे सीलर चांगला?

पीएच.डी.साठी विषय शोधायला बसलात की "अमुक सीलर विरुद्ध तमुक सीलर: जिवाणूविरोधी क्षमता" अशा धाटणीचे पेपर ढिगाने सापडतात. विषय आपल्याला जवळचाही आहे. सावेडीत पाइपलाइन रोडने गेलात तर दातांच्या दवाखान्यांच्या पाट्या दिसतात, जिल्ह्यात लोणीला डेंटल कॉलेज आहे. पण असे पेपर वाचायचे कसे?

आधी थोडक्यात विषय. रूट कॅनलमध्ये नस काढून पोकळी साफ करतात आणि गटापर्चा भरतात. गटापर्चा आणि दाताची भिंत यांच्यातली फट बुजवतो तो सीलर. साफसफाईनंतरही दाताच्या सूक्ष्म नळ्यांत जिवाणू उरतात. सीलरने त्यांना मारावं, निदान कोंडून ठेवावं, ही अपेक्षा.

बरेच पेपर अगार प्लेटवर सीलर ठेवून भोवतीचा जिवाणूविरहित झोन मोजतात. इथेच गोची आहे. झोन फक्त मारक शक्तीवर ठरत नाही, पदार्थ अगारमध्ये किती पसरतो यावरही ठरतो. युजेनॉल झिरपतं, झोन मोठा दिसतो. न विरघळणारा सीलर "नापास" होतो. खरं तर सीलर न विरघळणं हा गुण!

ही अडचण ओळखून १९९६ मध्ये वाइस आणि सहकाऱ्यांनी थेट संपर्क चाचणी सुचवली. तिचंच सुधारित रूप झांग, हापासालो आणि सहकाऱ्यांनी २००९ च्या पेपरात वापरलं. जिवाणू होता एन्टेरोकॉकस फीकॅलिस. ताज्या आयरूट एसपीने सगळे जिवाणू २ मिनिटांत मारले, एएच प्लसने ५ मिनिटांत. पण एक दिवस जुन्या एएच प्लसचा लक्षणीय परिणाम दिसला नाही. या पेपरची खरी ताकद हीच: ताजा आणि घट्ट झालेला सीलर वेगळा तपासला. सीलर दातात वर्षानुवर्षं राहतो, ५ मिनिटं नाही.

तरी तो शेवटचा शब्द मानू नका. जिवाणू एकाच जातीचे आणि सुटे होते, दातात मात्र अनेक जातींची बायोफिल्म असते. शिवाय चाचणीत डेंटिन नव्हतं. हापासालोंच्याच गटाने २००० मध्ये दाखवलं होतं की डेंटिनची पूड मिसळली की कॅल्शियम हायड्रॉक्साइडचा परिणाम पूर्ण नाहीसा होतो. म्हणजे प्लेटमधला विजेता दातात जिंकेलच असं नाही.

म्हणून असा पेपर हातात आला की तीन प्रश्न विचारा. सीलर ताजा होता की घट्ट? जिवाणू सुटे की बायोफिल्ममध्ये? डेंटिन होतं का? तुमच्या सिनॉप्सिसमध्येही याची उत्तरं लिहा. आणि निष्कर्षात "या चाचणीत" हे दोन शब्द गाळू नका. उद्या कुणी डॉक्टर तुमचा तक्ता बघून पेशंटसाठी सीलर निवडू शकतो.