ओला ट्रॅक आणि कौशल्याचा निवाडा

घोड्यांच्या शर्यतीवर पैज लावणे हा जुगार की कौशल्याचा खेळ, या वादावर सर्वोच्च न्यायालयाने 1996 साली के. आर. लक्ष्मणन विरुद्ध तामिळनाडू राज्य या खटल्यात पडदा टाकला. शर्यतीत कौशल्य प्रधान आहे, असे न्यायालयाने ठरवले. रेसिंगची बाजू मांडणारा प्रत्येक जण आजही याच निवाड्याचा दाखला देतो. हा निवाडा मी कायद्याचा जाणकार म्हणून नव्हे, तर एक मजकूर म्हणून वाचतो. त्याच्या निष्कर्षात शर्यतीचा निकाल ठरवणारे घटक मोजलेले आहेत: घोड्याचा फॉर्म, त्याची तंदुरुस्ती, अंगभूत कुवत, जॉकीची क्षमता, पाठीवरचे वजन आणि शर्यतीचे अंतर. हे सारे पैज लावणाऱ्याला पारखता येते, म्हणून ही लॉटरी नव्हे, असा तो युक्तिवाद आहे. या यादीत घोडा आहे, स्वारही आहे. पण दोघे ज्या जमिनीवरून धावतात ती जमीन नाही आणि तिच्यावर पडणारा पाऊसही नाही.

ही त्रुटी किरकोळ मानता येत नाही. आपल्याकडच्या रेसिंगचे वेळापत्रक पावसानेच आखलेले आहे. मुंबईत जून ते सप्टेंबर या काळात सरासरी 2000 मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळतो. त्यामुळे महालक्ष्मीचा हंगाम साधारण नोव्हेंबर ते एप्रिल असा चालतो, आणि पावसाळ्यात रॉयल वेस्टर्न इंडिया टर्फ क्लबच्या शर्यती पुण्याला जातात. पुण्याचा वर्षभराचा पाऊस मुंबईच्या मानाने कितीतरी कमी; तरीही जुलै-ऑगस्टमधला तिथला ट्रॅक ओला असतो. म्हणजे वर्षातले काही महिने घोडे, जॉकी आणि पंटर हे तिघेही पावसाच्या हिशेबानेच चालतात.

या हिशेबाला एक विस्मृतीत गेलेला संदर्भ आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मुंबई आणि कलकत्ता या दोन्ही शहरांत खुद्द पावसावरच सट्टा चाले. ठरलेल्या वेळेत एखाद्या छपराच्या पन्हळीतून पाणी वाहील की नाही, यावर पैसे लागत. कलकत्त्यात 1897 साली खास कायदा करून तो बंद करण्यात आला. मुंबईत 1887 चा जुगारबंदी कायदा झाला आणि 1890 च्या दुरुस्तीने पावसावरची पैजही त्याच्या कचाट्यात आली. याच कायद्याने घोड्यांच्या शर्यतीला मात्र सूट दिली, ती दोन अटींवर: पैज शर्यतीच्याच दिवशी लावायची आणि परवानाधारक रेसकोर्सच्या राखीव आवारात लावायची. पन्हळीकडे पाहणारे गुन्हेगार ठरले आणि ओल्या ट्रॅकवरच्या घोड्याकडे पाहणारे प्रतिष्ठित राहिले. या फरकात वसाहतकालीन वर्गभेदाचा वाटा मोठा आहे, हे उघड आहे. तरी तेवढ्यावर थांबणे मला पटत नाही. या दोन पैजांत खरोखरच एक फरक आहे आणि तो पाहण्यासाठी ट्रॅकवर उतरावे लागते.

पाऊस पडला की खूर मातीत रुततो. प्रत्येक झेपेला तो उपसून काढण्यात जादा ताकद जाते, वेळ वाढतो आणि 1200 मीटरची शर्यत दमाच्या दृष्टीने लांब होते. निव्वळ वेगावर जिंकणारा घोडा शेवटच्या 200 मीटरमध्ये ढेपाळतो, तर दमदार घोडा तिथेच पुढे सरकतो. गुडघा उंच उचलून टाप टाकणाऱ्या घोड्याला मऊ जमीन मानवते; जमिनीलगत लांब ढांग टाकणाऱ्याला कोरडी. मागच्या घोड्यांच्या तोंडावर चिखल उडतो, त्यामुळे सुरुवातीलाच पुढे जाणाऱ्याचा फायदा होतो. आतल्या रेलिंगजवळची जमीन आधीच्या शर्यतींनी तुडवली गेली असेल, तर जॉकी जवळचा रस्ता सोडून बाहेरून घोडा काढतात. यातली एकही गोष्ट दैवाधीन नाही. जमीन किती मऊ आहे हे पेनेट्रोमीटरने मोजता येते: ठराविक वजन ठराविक उंचीवरून सोडायचे आणि दांडा मातीत किती शिरतो ते पाहायचे. आकडा जितका मोठा, तितकी जमीन मऊ.

म्हणून पन्हळीवरची पैज आणि घोड्यावरची पैज या वेगळ्या आहेत. पन्हळीच्या पैजेत पाऊस हाच निकाल असतो. शर्यतीच्या पैजेत, त्यातही ती त्याच दिवशी लावायची असल्यावर, बराचसा पाऊस आधीच पडून गेलेला असतो; तो माहिती झालेला असतो. इंग्लंडमधले एक उदाहरण इथे बोलके आहे. 2001 सालची एन्ट्रीची ग्रँड नॅशनल शर्यत भयंकर चिखलात झाली. 40 घोड्यांपैकी चारच शर्यत पुरी करू शकले आणि त्यांतल्या दोघांवर जॉकी पडल्यानंतर पुन्हा स्वार झाले होते. जिंकला तो 33 चा भाव असलेला रेड मरॉडर. हवामानाने शर्यतीची सोडत केली, असे या दाखल्यावरून कोणी म्हणेल. पण बरेच घोडे बाद झाले ते आठव्या अडथळ्याशी, स्वाराविना धावणारा एक घोडा आडवा आल्यामुळे. चिखल सर्वांना आधीपासून दिसत होता. तो मोकळा घोडा कुणाच्याच हिशेबात नव्हता. दैव म्हणायचे तर त्याला म्हणावे.

इथवर मी निवाड्याच्या बाजूनेच बोललो. अडचण यापुढे आहे. जे सर्वांना कळते त्याचा पैजेत फायदा उरत नाही. समजा, चिखलात चांगल्या धावणाऱ्या एका घोड्याचा भाव कोरड्या ट्रॅकवर आठास एक आहे. पाऊस पडताच त्याच्यावर पैसा लोटतो आणि भाव तीनास एकवर येतो. त्याची जिंकण्याची शक्यता नवात एकवरून चारात एकवर गेली असेल, तर पंटरच्या पदरात नवे काहीच पडत नाही. त्याचे ज्ञान खरे असते, पण त्याची किंमत आधीच चुकती झालेली असते. कमाई होते ती भाव पडण्याआधी ज्याला कळले त्याची. आणि पहाटे त्याच ट्रॅकवर घोडे पळवणाऱ्यांना ते सर्वांत आधी कळते. वर पैजेच्या पूर्ण रकमेवर ऑक्टोबर 2023 पासून 28 टक्के आणि सप्टेंबर 2025 पासून 40 टक्के जीएसटी आहे. न्यायालयाने ज्या शर्यतीला लॉटरीपासून वेगळे काढले, तिला करव्यवस्थेने कॅसिनोच्या पंक्तीत बसवले आहे. एवढा बोजा भरून काढील असे हवामानाचे ज्ञान स्टँडमध्ये उभ्या असलेल्या, खिशातले 500 रुपये लावणाऱ्या माणसाकडे कुठून येणार?

म्हणून निवाड्यातला ‘पारखता येण्याजोगे’ हा निकष मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. शर्यतीत कौशल्य आहे, यात शंका नाही. पण ते ट्रेनरचे आहे, जॉकीचे आहे, घोड्याचे आहे. पैज लावणाऱ्याचेही ते आहे असे म्हणायचे, तर जमिनीची अवस्था त्याला इतरांइतकीच आणि इतरांच्याच वेळी कळायला हवी. सकाळचा पेनेट्रोमीटरचा एकच आकडा त्याला पुरत नाही. कारण रेलिंगजवळची आणि बाहेरची जमीन सारखी नसते, आणि दुपारी दोनच्या सरीनंतर सकाळचा आकडा शिळा होतो. ट्रॅकच्या निरनिराळ्या भागांचे आकडे, प्रत्येक सरीनंतर नवी मोजणी आणि रेसबुकात प्रत्येक घोड्याच्या जुन्या धावेपुढे त्या दिवशीच्या जमिनीचा आकडा, इतके मिळाले तर न्यायालयाची यादी पुरी होईल. तोवर पुण्याच्या ओल्या दुपारी पैज लावणाऱ्याला आपण कौशल्यवान म्हणतो ते दुसऱ्यांच्या कौशल्याच्या जोरावर.