धक्क्याचे रसग्रहण

मराठीत समीक्षेचा तुटवडा आहे असं कोणी म्हणू नये. कवितासंग्रह शंभर पानांचा असला तर त्याचं रसग्रहण दीडशे पानांचं निघतं. नाटकाला समीक्षक असतो, गाण्याला असतो, लग्नातल्या जेवणाला तर पंगतीत बसलेला प्रत्येक जण असतो. पण मोटारीच्या शॉकअपची समीक्षा कोणी केल्याचं माझ्या वाचनात नाही. आमच्या परभणी जिल्ह्यापुरता तरी हा अन्याय आहे. इथला माणूस वर्षात कवितासंग्रह किती वेळा उघडतो ते मी सांगू शकत नाही. शॉकअप मात्र तो एकदा तरी उघडवतोच. १९९५ साली परभणीला अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरलं, नारायण सुर्वे अध्यक्ष होते. तेव्हा एखादा परिसंवाद या विषयावर ठेवायला हरकत नव्हती. बाहेरगावच्या प्रतिनिधींची पूर्वतयारी वाटेतच झाली असती.

आधी नावाचा घोळ मिटवू. कंपनी त्याला शॉक ॲब्सॉर्बर म्हणते, मिस्त्री शॉकअप म्हणतो आणि शुद्ध मराठीचा आग्रह धरणारे धक्काशोषक म्हणतात. (धक्काशोषक मागितला तर दुकानदार शेजारच्या मेडिकलकडे बोट दाखवतो.) गंमत अशी की ही सगळीच नावं थोडी खोटी आहेत. धक्का खातं ते स्प्रिंग. चाक खड्ड्यात गेलं की स्प्रिंग दबतं, आणि दबलेल्याने उसळावं या न्यायाने ते पुन्हा उसळतं. उसळलं की दबतं, दबलं की उसळतं. त्याला आपल्या मनाने थांबता येत नाही. म्हणजे स्प्रिंग हा कवी झाला. त्याला आवरण्यासाठी शेजारी जो गंभीर, तेलकट गृहस्थ उभा केलेला असतो, तो शॉकअप. त्याच्या पोटात तेल असतं आणि दट्ट्याला बारीक भोकं असतात. स्प्रिंगचा सगळा उत्साह त्या भोकांतून तेल ढकलण्यात खर्ची पडतो, तेल तापतं, उत्साह निवतो. समीक्षकही दुसरं काय करतो?

हे दोघं एकत्र असले की गाडी माणसासारखी चालते. समीक्षक मेला की कवी मोकाट सुटतो. मग गाडी गतिरोधकावरून उतरल्यावरही पुढचे शंभर पावलं 'हो, हो' म्हणत मान डोलावत राहते.

आता परभणी. 'जगात जर्मनी, भारतात परभणी' ही म्हण आमच्याकडे लहान मूल बोलायला लागलं की दुसऱ्या दिवशी शिकतं. जर्मनीत ती म्हणतात की नाही, याची चौकशी आम्ही कधी केली नाही. पण आमच्या जिल्ह्याची जमीन खरोखरच जगात नाव काढण्यासारखी आहे. काळी, कसदार, कापसाची. मानवतला कापूस जातो तो हिच्याच जिवावर. ही जमीन पाऊस पडला की फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. एप्रिल-मे महिन्यात तिला अशा भेगा पडतात की हातातली काठी आत गेली तर विहिरीतून काढावी लागेल असं वाटतं. कापसाला हा स्वभाव मानवतो, रस्त्याला नाही. रस्त्याचं डांबर वर कितीही गुळगुळीत असलं तरी खालची जमीन वर्षातून एकदा श्वास आत घेते आणि एकदा बाहेर सोडते. त्यावर उपाय आहेत. माती बदलायची, चुना मिसळायचा, पाणी वाहून जायला बाजूने नाल्या काढायच्या. उपाय इंजिनिअरांना पाठ आहेत. पाठ असलेलं सगळंच पेपरात लिहिलं जातं असं नाही.

त्यात गतिरोधक. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकात गोल गतिरोधकाचं माप दिलेलं आहे : रुंदी ३.७ मीटर, उंची १० सेंटिमीटर, ताशी २५ किलोमीटर वेगाने सुखरूप ओलांडता यावा असा. आमच्या गावाकडचा गतिरोधक हे मानक वाचून बनवलेला नसतो. रात्री कोणाची तरी शेळी चाकाखाली येते आणि सकाळी रागाच्या भरात तो बांधला जातो. त्याची उंची त्या रागाएवढी असते.

तेव्हा माझ्या वॅगनआरचे चारही समीक्षक निवृत्त झाले, त्यात आश्चर्य काही नव्हतं. प्रश्न आला तो नवे कोणते घ्यायचे हा. आणि तो नुसता हौसेचा नव्हता. आई गावी असते, जिंतूर तालुक्यात, डांबरी सडकेपासून सहा किलोमीटर आत. तिचे पाठीचे मणके झिजलेले. महिन्यातून एकदा तिला परभणीला डॉक्टरकडे न्यायचं. डॉक्टर म्हणतात, "धक्का बसू देऊ नका." डॉक्टर चांगले आहेत, पण त्यांच्या दवाखान्यात जायला आमच्या गावाहून विमान नाही.

बाजारात शॉकअपचे दोन संप्रदाय आहेत. एक स्वस्त, एक भारी. भारीच्या एका जोडीत स्वस्ताच्या चार जोड्या येतात, असं दुकानदाराने बोटांवर मोजून दाखवलं.

स्वस्ताची समीक्षा मुखपृष्ठापासून करावी लागते, कारण त्यात मुखपृष्ठच जास्त असतं. खोक्यावर नामांकित कंपनीचं नाव, फक्त एक अक्षर इकडचं तिकडे. रंग इतका चकाकता की त्यात तोंड पाहून भांग पाडावा. मी गॅरंटी विचारली.

"गॅरंटी फुल आहे, सर," दुकानदार म्हणाले. (परभणीत चष्मा असला की माणूस आपोआप सर होतो.)

"किती महिने?"

"दुकानातून न्या, बसवा, चालवा. काही झालं तर आपण इथंच बसलेलो आहोत."

ते तिथंच बसलेले असतील, याबद्दल मला शंका नव्हती. आमच्या शेजाऱ्यांच्या गाडीला असेच शॉकअप होते. पहिला महिना त्यांनी गल्लीत पेढे वाटायचे तेवढे बाकी ठेवले होते. पावसाळा लागला, चिखल दांड्याला लागला, तेलाचं सील रडायला लागलं. गणपती बसेपर्यंत तेल संपलं आणि आत नुसती लोखंडी नळी उरली. अशा नळीचा तोटा नुसता अंगदुखीचा नसतो. चाक रस्ता सोडून उड्या मारायला लागतं, आणि हवेत असलेल्या चाकाला ब्रेक लागून उपयोग नसतो. टायर जागोजाग खड्डे पडल्यासारखं झिजतं. म्हणजे रस्त्याचे खड्डे टायरवर छापून येतात. स्वस्तातला माल चार वेळा घ्यावा लागला की भारीइतकाच महाग पडतो, हे गणित दुकानदाराने बोटांवर मोजलेलं नव्हतं.

आमचे मेहुणे पुण्याला असतात आणि दुसऱ्या संप्रदायाचे आहेत. फोनवरूनच ते म्हणाले, "दाजी, इंपोर्टेड टाका. आयुष्यात एकदाच टाका."

या संप्रदायाची परंपरा मोठी आहे, ती नाकारून चालणार नाही. कोनी ही डच कंपनी १८५७ साली निघाली. इकडे बंडाची धामधूम चालू होती आणि तिकडे ते घोड्यांच्या साजाचं सामान करत होते. घोड्यांवरून ते शॉकअपवर आले. जर्मनीच्या बिलस्टाइनने १९५७ साली मर्सिडीझला एकाच नळीचे, वायूच्या दाबाचे शॉकअप दिले. त्याची युक्ती खरंच वाखाणण्यासारखी आहे. साध्या शॉकअपमध्ये एकात एक अशा दोन नळ्या असतात आणि तेलाच्या डोक्यावर थोडी हवा असते. खराब रस्त्यावर तासभर घुसळलं की त्या तेलाचं ताक होतं, फेस येतो, आणि फेसाला धक्का आवरत नाही. एका नळीच्या शॉकअपमध्ये तेल आणि नायट्रोजन यांच्यामध्ये एक सरकती भिंत असते. दोघं शेजारी राहतात, पण एकमेकांत मिसळत नाहीत. वाड्यातल्या भाऊबंदांनी शिकण्यासारखी व्यवस्था आहे.

पण मोठा लेखक झाला तरी तो कोणासाठी लिहितो हे समीक्षकाने पाहावं लागतं. मेहुण्यांनी सुचवलेला संच वेगाने वळणं घेणाऱ्या गाड्यांसाठी होता. घट्ट, कडक, आणि बसवला की गाडी जमिनीला दोन बोटं जवळ जाते. ताशी दीडशेच्या वेगाला गाडी झुकू नये ही त्याची प्रतिज्ञा. आमच्या गावच्या सहा किलोमीटरला अर्धा तास लागतो. तिथे झुकण्याचा प्रश्न येत नाही, पोट घासण्याचा येतो. आणि शॉकअप कडक म्हणजे लहान खड्डासुद्धा जसाच्या तसा आत पोचता होणार. भारी याचा अर्थ मऊ असा नाही, हे पुण्याहून फोनवर कळत नाही. जर्मनी जगात असेल, आईचा मणका परभणीत आहे.

शेवटी मी खऱ्या समीक्षकाकडे गेलो. जिंतूर रोडवरचे आमचे मिस्त्री. त्यांनी खोकी पाहिली नाहीत, किमती विचारल्या नाहीत. बॉनेटच्या कोपऱ्यावर दोन्ही हात ठेवून गाडी दाबली आणि सोडली. गाडी तीनदा नाचली.

"एकदा वर येऊन बसाया पायजे," ते म्हणाले. "ही तर लग्नात आल्यावानी करायली."

मग ते गाडीखाली गेले आणि तिथूनच बोलत राहिले. "सर, शॉकअप तर गेलेच हायेत. पन आवाज त्याचा नाई. बुश गेले, लिंक रॉड गेला, वरचं माउंटिंग गेलं. हे तसंच ठिवून तुम्ही सोन्याचे शॉकअप टाकले तरी गाडी बोंबलणारच. लोकल टाका म्हनलात तर टाकतो, पन दिवाळीला पुन्हा येताल."

"मग काय करायचं?"

"गाडीसंगं जे आले होते तेच. कंपनीचे. जोडीनं टाकायचे, एक बाजू नवी एक बाजू जुनी असं नाई. रबर सगळं नवं. नंतर अलाइनमेंट. आन् हवा बगा किती भरली ते. दगड झालाय टायरचा."

या एका उताऱ्यात जेवढी समीक्षा आहे तेवढी मी अनेक प्रबंधांत वाचलेली नाही. कलाकृती एकटी पाहायची नाही, संदर्भासह पाहायची. भारी शॉकअप आणि फाटके बुश म्हणजे अंगावर शालू आणि पायात तुटकी चप्पल. शिवाय मधला मार्ग काही परका नाही. गेब्रियल इंडिया १९६१ पासून मुंबईत मुलुंडला शॉकअप बनवायला लागली. दुचाकीचे शॉकअप तर आमच्या मराठवाड्यातच, वाळूजला एन्ड्युरन्सकडे बनतात. रस्ते आमचे आहेत, तर त्यांचे धक्के ओळखणारे लोकही जवळपास असणं साहजिक आहे.

इथे समीक्षा संपवता आली असती. पण या वस्तूचा एक सामाजिक दोष सांगायचा राहिला, आणि तो भारी शॉकअपचा आहे. ज्याच्या गाडीला उत्तम शॉकअप असतात तो हळूहळू रस्त्याबद्दल बरं बोलायला लागतो. "तसा काही वाईट नाही हो रस्ता," असं म्हणतो. तो खोटं बोलत नाही, त्याला खरोखरच तसं वाटतं. रस्त्याची पाहणी करायला जी मंडळी येतात ती मोठमोठ्या गाड्यांतून येतात. त्या गाड्यांत पाण्याची बाटलीसुद्धा हलत नाही, मग अहवाल तरी कसा हलावा? माझी सूचना अशी की पाहणी एसटीच्या शेवटच्या बाकावर बसून व्हावी, नाहीतर तेल संपलेल्या शॉकअपच्या ॲपे रिक्षात. दवाखान्याकडे निघालेली अवघडलेली बाई जिथे दोन्ही हातांनी दांडी धरून बसते, त्या जागेवर. धक्क्यावरचं खरं टीकालेखन तिथे होतं. फक्त ते करणाऱ्याच्या हातात पेन नसतो, दांडी असते.

आम्ही सगळ्याच बाबतीत हा शॉकअपचा मार्ग धरला आहे. वीज जाते, इन्व्हर्टर घ्या. नळाला पाणी नाही, बोअर पाडा. रस्ता नाही, शॉकअप बदला. ज्याला घेता येतं तो घेतो आणि तक्रार करायचं सोडतो. मग तक्रार करणाऱ्यांच्या रांगेत फक्त तेच उरतात ज्यांचं कोणी ऐकत नाही. बी. रघुनाथ निजामाच्या राज्यात बांधकाम खात्यात नोकरीला होते. १९५३ साली ते गेले. त्यांचं लेखन अजून वाचलं जातं. बांधकाम खात्यातून आमच्या जिल्ह्याला मिळालेली सगळ्यात टिकाऊ वस्तू तीच असावी.

असो. मिस्त्रींच्या शिफारशीप्रमाणे चार शॉकअप, सगळं रबर आणि अलाइनमेंट झाली. खर्च स्वस्तापेक्षा बराच जास्त आणि मेहुण्यांच्या संचापेक्षा बराच कमी आला. बॉनेट दाबून सोडलं की गाडी एकदा वर येऊन शहाण्यासारखी बसते. गेल्या महिन्यात आईला घेऊन आलो. मागच्या सीटवर उशी घेऊन ती गावापासून सडकेपर्यंत एक शब्द बोलली नाही. तिचं न बोलणं मला धक्क्यापेक्षा जास्त जाणवतं, म्हणून सडकेला लागल्यावर विचारलं, "माय, आता कसं वाटायलं?"

ती म्हणाली, "गाडी सुधारली रे बाबा. शेजारची शांताबाय मातर अजून रिक्षातच जायली."